सुट्टीतली बायबल शाळा, जालना : तयारीच्या नोंदी (मार्च ते मे २०२५)

९ मार्च २०२५, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलणं झालं. या उन्हाळ्यात सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची हे ठरलं, पण घेणार कोण हे ठरायचं आहे. शब्बाथ शाळेच्या (लेकरांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या) जुन्या शिक्षिकांपैकी एक बदली होऊन परभणीला गेल्या, एकीच्या पदरात लहान बाळ आहे, एक ताई मुलाकडे लातूरला राहायला गेल्या. खात्रीने धरता येतील अशी मोठी माणसं चार : मी, पाळकीणबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर मावशी आणि रिक्षावाले काका. लेकरं मात्र चाळीसच्या घरात येतील. मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चच्या घरांतली, पंचवीस-तीस, बाकी वस्तीतले त्यांचे सवंगडी.

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तीनच दिवसांची करू का?" मी म्हटलं, साहेब, दिवस कमी करण्याआधी कामं कमी करून बघू. पहिले दोन दिवस लेकरू बुजलेलं असतं, तिसऱ्या दिवशी ते तोंड उघडतं. नेमकं तेव्हाच त्याला घरी पाठवायचं, हे मला पटत नाही.

१२ मार्च, बुधवार

कपाटातून जुनं वेळापत्रक काढलं. चार वयोगट, चार खोल्या, रोज हस्तकला, दुपारचं जेवण, शेवटी सहल आणि रविवारी नाटुकलं. तेव्हा चौदा शिक्षक होते, सगळं शोभत होतं. आज चार माणसांवर तेवढंच ओझं टाकलं, तर तिसऱ्या दिवशी शिक्षक चिडचिडे होतील आणि ते लेकरांनाच सोसावं लागेल.

म्हणून उलट बाजूने सुरुवात केली. काय कधीच कमी करायचं नाही, ते आधी लिहून काढलं. लेकरं जिथे असतील तिथे दोन मोठी माणसं. येताना आणि जाताना नाव घेऊन हजेरी. आणि प्यायला पुरेसं पाणी. माणसं आणखी घटली तर वेळ कमी करू, लेकरांची संख्या कमी करू, पण या तिन्हींना कात्री नाही. बाकी सगळं माझ्या मते सोडता येतं. हस्तकलेचं सामान नसलं म्हणून कुठल्या लेकराचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

काल दहावीची परीक्षा संपली. मंडळीतल्या तीन मुली आणि दोन मुलं आजपासून मोकळी. बारावीवाल्यांना धरता येणार नाही, त्यांची सीईटी एप्रिलमध्ये आणि नीट ४ मे रोजी आहे. दहावीवाल्यांपुढे मात्र दोन महिने पडलेत आणि घरी सगळे त्यांना 'मोबाईल ठेव' एवढंच सांगतात.

सुट्टीतल्या बायबल शाळेचा जुना इतिहास मी मध्यंतरी वाचला होता. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉझ नावाच्या बाईंनी गरीब वस्तीतल्या, सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या लेकरांसाठी अशी शाळा सुरू केली. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती त्या शहरात वाढवली. सुट्टीत लेकरं रिकामी, चर्चच्या इमारती रिकाम्या आणि कॉलेजचे विद्यार्थीही रिकामे. त्यांनी या तिघांची गाठ घालून दिली. सव्वाशे वर्षांनी आमच्याकडेही हेच तिन्ही रिकामं आहे. मग पाचही जणांना घरी चहाला बोलावलं.

एकीने विचारलं, "आम्ही काय शिकवणार ताई? आम्हालाच सगळं येत नाही." तिला म्हटलं, शिकवायचं नाही. तुझ्याकडे आठ लेकरं राहतील. त्यांची नावं, त्यांना काय आवडतं, कोण रडवेलं होतं, कोण भांडतं, हे तुला माहीत असलं की झालं. गोष्ट मी सांगेन.

पाचही हो म्हणाली.

२३ मार्च, रविवार

कमिटीची बैठक. तारखांवर बराच वेळ गेला. एरवी आपण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळा घेतो. पण या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आहेत, निकाल १ मे रोजी. त्यानंतरचा आठवडा मामाच्या गावाला जाण्याचा. १२ मे, सोमवारी बुद्ध पौर्णिमा; शेजारच्या विहारात कार्यक्रम असतो आणि वस्तीतली निम्मी लेकरं तिथे असतात. त्या दिवशी आपण शाळा उघडणं बरं दिसत नाही. म्हणून मंगळवार १३ ते शनिवार १७ मे आणि समारोप रविवारी १८ तारखेच्या उपासनेत. वेळ सकाळी साडेसात ते दहा. त्यानंतर जालन्याच्या उन्हात लेकरं बाहेर ठेवायची नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

जागेवरून मात्र वाद झाला. बाजूचा हॉल पत्र्याचा. मे महिन्यात नऊ वाजताच आत भट्टी होते. जुनं चर्च दगडी, भिंती जाड, छत उंच, आत गारवा. ते मागितल्यावर एक जुने सभासद म्हणाले, "बाकं हलवायची म्हणजे काय? ते उपासनेचं ठिकाण आहे." त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकून घेतलं, कारण ती बाकं त्यांच्या वडिलांच्या काळातली आहेत. पण येशूकडे लेकरं आणली तेव्हा शिष्यांनी अडवलं आणि प्रभूला त्याचा राग आला, हे मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे, तेवढं मी म्हटलं. पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला : वेदीकडची बाकं जागच्या जागी, मागची अर्धी भिंतीला लावायची आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत पूर्ववत. ते काका शेवटी म्हणाले, "मग बाकं हलवताना मला बोलवा, मी उभा राहतो." मी त्यांचं नाव लगेच वहीत लिहून घेतलं.

सहलीचाही विषय निघाला. दरवर्षी बेथेलला जायचं म्हणतात. रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ, पुढे इकडे आले आणि जालन्याजवळ त्यांनी ख्रिस्ती कुटुंबांसाठी ते गाव वसवलं. आमच्यातल्या बऱ्याच घरांची मुळं तिकडे आहेत, लेकरांना ते दाखवावंसं मलाही वाटतं. पण चाळीस लेकरं, दोन गाड्या आणि चार मोठी माणसं, हे गणित बसत नाही. सहल रद्द. त्याऐवजी बाकंवाले काकाच शुक्रवारी दहा मिनिटं बेथेलची हकिगत सांगणार.

२ एप्रिल, बुधवार

या वर्षी उपासनेत 'ज्यांना सेवा करायची इच्छा आहे त्यांनी भेटावे' अशी जाहिरात करायची नाही. ती जाहिरात सगळ्यांसाठी असते म्हणून कुणासाठीच नसते. घरोघरी जायचं, एक माणूस, एक काम, एक वेळ, एवढंच विचारायचं. चिठ्ठ्या करून घेतल्या आहेत. 'गेटवर उभं राहणं, रोज सव्वासात ते आठ.' 'बुधवारी पन्हं.' 'जारचं पाणी आणणं, मंगळवार आणि शुक्रवार.' 'हजेरीची वही, सव्वासात ते साडेसात.'

आज फिरले तेव्हा लोकांची ना कशाला असते ते उमगलं. गवंडीकाम करणारे एक भाऊ दोन वर्षं चर्चच्या कुठल्याच कामात नव्हते. त्यांना पाण्याची चिठ्ठी दिली. ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. "मग पाचही दिवस आणतो ना. मला वाटलं प्रार्थना बिर्थना करायला लावता." एक आजी म्हणाल्या, "मला शिकवायला जमत नाही बाई, पण मुरमुरे भिजवून फोडणीची सुशीला करायला सांग, पन्नास जणांची करते." बँकेत असलेल्या एका दादांनी पैसे पुढे केले, वेळ नाही म्हणाले. पैसे घेतले आणि शनिवारचा एक तासही मागितला. तो त्यांनी दिला.

संध्याकाळपर्यंत बऱ्याच चिठ्ठ्या संपल्या. एवढी माणसं मंडळीत होतीच. त्यांच्या हाताला बसेल असं काम कुणी मागितलं नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार

कारखाने या हंगामात लवकर बंद झाले, ऊसतोडीला गेलेली घरं परत आली आहेत. मंडळीतली तीन घरं आणि वस्तीतली आणखी काही. त्यांच्यातल्या एका नऊ वर्षांच्या पोराला मागच्या वर्षीचं शब्बाथ शाळेचं पुस्तक दिलं. त्याने ते उलटं धरलं नव्हतं, पण वाचलंही नाही. नुसता चित्रं बघत राहिला. दिवाळीपासून तो फडावर होता, शाळा कुठली. दुसरीकडे इंग्रजी माध्यमाच्या लेकरांना मराठी छापील ओळ अडखळत वाचावी लागते.

बाहेरून मिळणारे पुस्तक-वह्यांचे तयार संच मागवण्याचा विचार होता. सोडून दिला. वाचता येतं त्याच्यासाठी एक आणि न येणाऱ्यासाठी दुसरं असं करायला माणसं नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या पोराला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर कळेल की आपल्याला येत नाही. म्हणून पाचही दिवस वाचन-लेखन नाही. वचन (बायबलमधली ओळ) हातवाऱ्यांनी, गाणं टाळीवर, गोष्ट तोंडी. शंभरातल्या शंभर लेकरांना कान आहेत, हात आहेत.

१४ ते २० एप्रिल

दुःखसहनाचा आठवडा. रोज संध्याकाळी उपासना, उत्तम शुक्रवार, मग ईस्टर. शाळेचं काम बंद. फक्त घराच्या गच्चीवर चार घमेल्यांत मूग पेरून ठेवले आहेत, त्याबद्दल पुढे.

२२ एप्रिल, मंगळवार

पाच दिवसांच्या पाच गोष्टी ठरल्या. पेरणारा, हरवलेलं मेंढरू (नव्याण्णव सोडून मेंढपाळ ज्या एकाला शोधायला जातो ते), चांगला शोमरोनी (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा), जक्कय (येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार) आणि पाच भाकरी दोन मासे (येशूने तेवढ्यात हजारोंना जेवू घातलं ती). सगळ्या शुभवर्तमानांतल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या, आणि सगळ्या इथल्या लेकरांना न समजावता समजतील अशा.

पेरणाऱ्याची गोष्ट पहिल्या दिवशी ठेवली, कारण ती पाच दिवस चालते. एका घमेल्यात रस्त्यावरची तुडवलेली माती, दुसऱ्यात मुरमावर बोटभर माती, तिसऱ्यात हरळीच्या मुळ्यांनी भरलेली, चौथ्यात काळी. मंगळवारी लेकरांनी मूग पेरायचे, शनिवारी काय झालं ते बघायचं. गच्चीवरचा प्रयोग छान निघाला. मुरमावरचे मूग काळ्या मातीतल्याइतकेच लवकर वर आले आणि एक दिवस पाणी चुकलं तेव्हा दुपारच्या उन्हात मान टाकून पडले. वचनात नेमकं असंच आहे : माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं आणि ऊन लागताच करपलं. तुडवलेल्या मातीतले दाणे चिमण्यांनी नेले. मला फक्त बघत बसायचं होतं. हे सामान फुकटचं आहे, कुणी शिकवायला लागत नाही, आणि मृगाच्या आधी रानात काय चाललेलं असतं ते यातल्या निम्म्या लेकरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो फडावरून आलेला पोरगा इथे पुढे असेल.

शनिवारची भाकरीची गोष्ट खाऊलाच जोडली. ज्याला जमेल त्याने घरून एक भाकरी आणायची. पण गेटवरच झाकलेल्या टोपल्यात टाकायची, म्हणजे कुणी आणली आणि कुणी नाही हे कुणाला दिसणार नाही. मग त्यातलं सगळ्यांना वाटून, सोबत शेंगदाण्याची चटणी. त्या दिवशी स्वयंपाकाला वेगळी माणसं लागत नाहीत.

२९ एप्रिल, मंगळवार

आजची नोंद सविस्तर करते, कारण माणसं कमी असली की घसरायला होतं ते इथेच.

सिस्टर मावशी, पाळकसाहेब आणि मी बसून नियम लिहिले. कुठलंही मोठं माणूस कुठल्याही लेकरासोबत बंद दाराआड एकटं राहणार नाही. त्यात पाळकसाहेब आले आणि मीही आले. बाथरूमला लहान लेकरांना नेताना दोन जणी, दाराबाहेर उभ्या. लेकरांचे फोटो कुणी आपल्या स्टेटसला टाकायचे नाहीत. लेकरू न्यायला जो येईल त्याचं नाव पालकाने आधीच लिहून दिलेलं असलं पाहिजे; "मी त्याचा काका" एवढ्यावर सोडायचं नाही. एखाद्या लेकराने काही वाईट सांगितलं किंवा तशी शंका आली, तर प्रकरण कमिटीत मिटवायचं नाही. लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा, लेकरांच्या मदतीचा, १०९८ क्रमांक दारावर मोठ्या अक्षरात लावणार.

एक गोष्ट सिस्टर मावशींनी ध्यानात आणून दिली. दहावीची आपली पाचही जणं अठराच्या आतली आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत तीही लेकरंच. त्यांना 'दोन मोठ्या माणसांत' धरायचं नाही, उलट त्यांचीही जबाबदारी आपल्यावर. बरोबर आहे. मग मोठी माणसं पुन्हा चारच उरतात, आणि एकाला ताप आला की तीन.

यावर उपाय पालकांचाच. रोज दोन पालकांची पाळी : साडेसात ते दहा आत बसायचं, काही करायचं नाही, लक्ष ठेवायचं. संमतीपत्रातच विचारलं आहे की तुम्ही कुठल्या दिवशी बसाल.

संमतीपत्र साध्या मराठीत लिहिलं. 'या शाळेत बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या जातील आणि प्रभू येशूची गाणी म्हटली जातील' हे वाक्य पहिलं आहे. बौद्ध, मुस्लिम, हिंदू घरांतली लेकरं दोस्तांसोबत येतात. त्यांच्या आईबापांना आपण काय सांगणार आहोत हे आधी स्वच्छ माहीत असावं. बक्षीस, भेटवस्तू काही नाही. आपल्या विश्वासाबद्दल मला जे प्रेम आहे, ते कुणापासून लपवून ठेवण्याजोगं नाही आणि कुणाला खाऊ दाखवून पुढे करण्याजोगंही नाही.

४ मे, रविवार

अठ्ठेचाळीस नावं आली. चाळीसवर थांबायचं ठरवलं होतं. पाच वर्षांखालच्यांना आईसोबत असतील तरच घ्यायचं केल्यावर बेचाळीस राहिली. दोन जास्त, चालेल. वाईट वाटलं, पण दारात उभी राहून सांगितलं.

१० मे, शनिवार

सराव. पाचही गटप्रमुखांनी आपापल्या गटाच्या रंगाची फीत कापून पिना लावल्या. 'हरवलेलं मेंढरू' या गोष्टीत नव्याण्णव कोण होणार यावर हसत हसत भांडण झालं.

हवा विचित्र आहे. ऊन तर आहेच, वर दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा होतात. आमची शाळा दहाला संपते ते या बाबतीतही बरं झालं. तरी रिक्षावाल्या काकांच्या मोबाईलवर 'दामिनी' ॲप घालून घेतलं. वीज जवळपास असेल तर ते इशारा देतं. वीज कडाडत असेल तर कुणालाच सोडायचं नाही, उशीर झाला तरी चालेल, आणि आवारातल्या लिंबाखाली कुणी थांबायचं नाही.

सिस्टर मावशींनी साखर-मिठाच्या पाण्याचं माप सगळ्यांकडून पाठ करून घेतलं : एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वस्तीत नळ रोज येत नाही, म्हणून भांडी धुवायचं पाणी दोन टिपांत आदल्या दिवशी भरून ठेवणार.

१२ मे, सोमवार

विहारातली वंदना ऐकत बाकं हलवली. काका उभे राहिले, आणि मग न राहवून हातही लावला. दुपारी तिथून आमच्याकडे खीर आली.

१३ मे, मंगळवार

एकोणचाळीस लेकरं आली. एक रडत आलं, सिस्टर मावशींच्या मांडीवर बसून राहिलं. मूग पेरले. ऊसतोडीवाल्या पोराने मुरमाच्या घमेल्याकडे बघूनच सांगितलं, "यात नाही टिकायचं." पुढे काही बोलावं लागलं नाही.

नेमका आज दुपारी एकला दहावीचा निकाल. गटप्रमुखांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, तरी कुणीही गट सोडला नाही. पाचही पास. एकीला कमी गुण पडले म्हणून ती रडत होती. पाळकीणबाई संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसल्या. उद्या येणार म्हणाली आहे.

१५ मे, गुरुवार

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. 'वाटेत पडलेल्या माणसाला तुमच्या गल्लीतलं कोण उचलेल?' असं विचारल्यावर लेकरांनी पाच-सहा नावं घेतली, त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, आणि पानटपरीवाले चाचा तीन जणांनी सांगितले. आज पाळीवर बसलेल्या शेजारच्या भाभींनी हजेरीची वहीही सांभाळली. जाताना म्हणाल्या, "उद्या पण येऊ का? घरी बसून काय करायचं." उद्याच्या पाळीतल्या एका आईचा निरोप आला होता, जमत नाही म्हणून. जागा भरली.

पाळकीणबाईंचा घसा बसला आहे. उद्याची गाणी मुलीच घेतील.

१७ मे, शनिवार

टोपल्यात भाकऱ्या बेचाळीस लेकरांना पुरून वीस-बावीस उरल्या. ज्वारीच्या, बाजरीच्या, दोन-चार चपात्या, एक पुरणपोळीही. घमेली ओळीने मांडली. काळ्या मातीतले मूग चार बोटं वर आलेत. मोजायला गर्दी झाली.

संध्याकाळी सहापर्यंत बाकं जागेवर.

१८ मे, रविवार

समारोप. वचनं हातवाऱ्यांनी, गाणं, शेवटी जक्कय. नाटुकलं मुलांनी आपणहून बसवलं होतं. हिशोब कमिटीकडे दिला : मुख्य खर्च जारचं पाणी, मुरमुरे, गूळ, कैऱ्या, पिना आणि फिती. शिल्लक साडेआठशे रुपये शब्बाथ शाळेच्या खात्यात.

पुढचं काम. दहावीच्या दोघी अकरावीला संभाजीनगरला जातील, तिघं इथेच आहेत. त्या तिघांना महिन्यातून दोन रविवार शब्बाथ शाळेत गट द्यायचा, पाळकसाहेबांनी मान्य केलं आहे. शाळा १६ जूनला उघडते, त्याआधी ऊसतोडीच्या घरांतल्या पाच लेकरांची नावं जवळच्या शाळेत हजेरीपटावर आहेत का ते बघायला सिस्टर मावशी आणि मी जाणार. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप पुन्हा फडावर जातील. तेव्हा लेकरांना आजीकडे ठेवता येतं का, हे ऑगस्टमध्येच घरोघरी जाऊन विचारायचं आहे. गवंडी भाऊ म्हणाले, त्यातल्या दोन घरांशी त्यांची सोयरीक आहे, ते सोबत येतील.